बकमानजन, सपिवप



गेवराईच्या मोंढ्यामागं एका भंगारवाल्याकडं मी सायकलची रिम शोधायला गेलो होतो. रिम काही मिळाली नाही. पण तेलाच्या चेपलेल्या डब्यांखाली एक टाइपरायटर पालथा पडलेला दिसला. सरळ केला तर कळांवर मराठी अक्षरं, आणि गंजाखालूनही वाचता येईल असं ‘गोदरेज’ हे नाव. भंगारवाल्यानं तो काट्यावर ठेवला. पंधरा किलोला थोडा कमी भरला. “काय करता सर ह्याचं? नुसतं लोखंड हाय,” असं म्हणत त्यानं लोखंडाच्याच भावात दिला.

इंग्रजी मशीन असतं तर एवढ्यात सुटलं नसतं. जुन्या रेमिंग्टनला, अंडरवुडला हौशी गिऱ्हाईक असतं. हॉटेलात शोभेला मांडतात, फोटो काढतात. मराठी मशीनला कोण विचारतो? ते घणाखाली जातं. माझं दुखणं नेमकं हेच आहे.

पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘बकमानजन’ आणि ‘सपिवप’ म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्रजी टायपिंगच्या क्लासात ‘ए एस डी एफ’ने सुरुवात व्हायची, तशी मराठीची या दोन शब्दांनी. त्यांना अर्थ काहीच नाही. बोटांना घर सापडावं म्हणून ते पानंच्या पानं मारायचे. त्यातल्या ‘पि’ची गंमत बघा. हातानं लिहिताना आपण कधी आधी वेलांटी काढतो, कधी नंतर. मशीनवर मात्र आधी वेलांटी, मगच प. चाळिसेक कळांत बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, सगळं बसवायचं, म्हणून बरीच अक्षरं अर्धी ठेवलेली. त्यांना काना जोडला की ती पूर्ण होतात. अनुस्वाराची कळ दाबली की ठिपका उमटतो, पण कॅरेज जागची हलत नाही. ज्यानं कुणी हे जुळवलं, त्याला लिपी आतून कळलेली होती.

आमच्या तालुक्यात त्या काळी दहावी-बारावी झालेल्या पोरापुढं वाटा मोजक्या होत्या. घरच्यांबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचं, नाहीतर टायपिंगची तीस-चाळीसची परीक्षा द्यायची. म्हणजे मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. परीक्षा परिषदेचं ते प्रमाणपत्र हाती आलं की कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता यायचा. परीक्षेच्या दिवशी मशीन केंद्रावर न्यावं लागे. मी माझं टेम्पोत मांडीवर धरून बसलो होतो, खड्ड्यात कॅरेजला धक्का बसू नये म्हणून. पहिल्या खेपेला नापासच झालो. दोष माझाच. फीत उलटी बसवली होती आणि घाबरून ते कुणाला सांगितलंच नाही.

गोदरेजनं आपला टाइपरायटर १९५५ साली बाजारात आणला, तोवर देशात बहुतेक मशीन परदेशी घराण्याचं. पुढं पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिरवळच्या कारखान्यात ही मशीनं बनत. २००९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. २०१७ साली राज्यात मशीनवरची शेवटची परीक्षा झाली. आता सगळं संगणकावर. त्याबद्दल मी रडत नाही. संगणकावर चूक खोडता येते आणि कार्बनची शाई बोटांना लागत नाही, हे काय कमी आहे?

पण हाती आलेलं मशीन बोलकं करायचंच, असं मी ठरवलं. आधी वरची पत्र्याची झाकणं काढली आणि आतली माती ब्रशनं झाडली. मग रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश. अक्षरांच्या काड्या ज्या अर्धगोल खाचांतून वर उठतात, तिथं वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून डिंक झाला होता. तो निघायला तीन संध्याकाळी गेल्या. कॅरेज ओढणारी दोरी तुटलेली होती. तिच्या जागी गोदाकाठच्या एका मासेमाराकडून आणलेली नायलॉनची तंगूस बांधली. ती अजून टिकून आहे. रोलरचं रबर दगडासारखं झालेलं. अक्षर उमटण्याऐवजी कागदाला भोक पडायचं. त्याला बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासलं आणि कागदामागं आणखी एक कागद लावायची सवय केली. फीत अर्ध्या इंचाची मिळाली, ती जुन्याच रिळांवर हातानं गुंडाळली.

पहिल्यांदा काय मारलं असेल? बकमानजन. बोटं विसरली नव्हती.

अशा मशीनवरून मला मुंबईचे चंद्रकांत भिडे आठवतात. ते बँकेत टंकलेखनिक होते. टाइपरायटरच्या अक्षरांतून त्यांनी माणसांचे चेहरे उभे केले, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांचा ‘कॉमन मॅन’सुद्धा. ते निवृत्त होताना बँकेनं त्यांचं मशीन त्यांना एक रुपयात दिलं. मला त्यांची चित्रं आवडतातच, पण तो एक रुपया जास्त आवडतो. मशीन बिनकामाचं झालं असं हिशेबाच्या वहीनं ठरवलं, तरी ते कुणाच्या हातात शोभेल हे तिथल्या कुणाला तरी कळलं.

मी काही चित्रं काढत नाही. पत्रं लिहितो. लेकीला, जुन्या मित्रांना, कधी शेजारच्या आजींचा तहसीलला द्यायचा अर्ज. माझ्या मशीनचा ‘र’ जरा खाली बसतो. दुरुस्त करता येईल, पण लेक म्हणते पाकीट न उघडता ओळखू येतं, म्हणून राहू दिलाय.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या क्लासात, खाटेखाली मराठी मशीन असेल तर ते किलोवर घालू नका. ज्याला चालवायचंय त्याला द्या, नाहीतर स्वतः चालवा. काचेच्या कपाटात ठेवलेल्या मशीनचं रबर वाळतं आणि तेल चिकटतं. आठवड्याला पानभर मारलं तरी ते मोकळं राहतं. वापरून झालं की जुनं धोतर टाकून झाका. आणि एक लक्षात ठेवा, काड्यांच्या खाचांत शिलाई मशीनचं तेल घालू नका. अडकलेली काडी रॉकेलनं सुटते, तेलानं कायमची बसते.