कॉलेज कुठलं तुमचं?



मुंबई विद्यापीठाच्या टी. वाय. बी. कॉम.ची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला ती कुठल्या कॉलेजातल्या मुलाची आहे हे कळत नाही. कळू नये अशीच व्यवस्था आहे. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, ती स्कॅन होते आणि शिक्षक ती संगणकाच्या पडद्यावर तपासतो. ही ऑनलाइन तपासणी 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा केवढा गोंधळ उडाला ते तुम्हाला आठवत असेल. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश हुकले आणि शेवटी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तर एवढं सगळं सोसून विद्यापीठ कॉलेजचं नाव झाकतं. आणि नोकरीच्या मुलाखतीत खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, ‘कॉलेज कुठलं तुमचं?’

मी पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि प्लेसमेंट सेलचं काम बघतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यापैकी निम्म्यांना ते नेमकं कुठे आलं हे विचारावं लागेल, आणि आजचा माझा विषय तोच आहे.

प्लेसमेंट सेल म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि एक फोन. ऑगस्टपासून मी कंपन्यांना फोन करायला लागतो. अंधेरीच्या सीप्झ आणि मरोळ एमआयडीसी परिसरातल्या, मालाडच्या माइंडस्पेसमधल्या, गोरेगावच्या, मुलुंडच्या. पलीकडून बहुतेक वेळा एखादी एचआरमधली मुलगी बोलते. अतिशय गोड बोलते. ‘कॉलेजचं नाव काय म्हणालात, सर?’ मी सांगतो. ‘हे कुठे आलं?’ मी स्टेशन सांगतो. मग जरा थांबून, ‘सर, आमची कॉलेजेस फिक्स असतात. तुम्ही प्रोफाइल मेल करून ठेवा ना.’ मेल करून ठेवण्याचं पुढे काय होतं, ते प्लेसमेंटवाल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

ही फिक्स कॉलेजं कुठली हे उपनगरातल्या पोरांना तोंडपाठ असतं. टाऊनमधली झेवियर्स आणि एच. आर., माटुंग्याची पोदार आणि रुईया, पार्ल्याची एन. एम. आणि मिठीबाई. त्याच्या खालच्या पायरीवर मुलुंडचं वझे-केळकर, घाटकोपरचं आर. जे., पार्ल्याचं डहाणूकर, साठे. मग बाकीची. विद्यापीठाला सातशेहून अधिक कॉलेजं जोडलेली आहेत, म्हणजे ‘बाकीची’ हाच खरा आकडा आहे. पवईला आयआयटीत डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून कंपन्यांची रीघ लागते. तिथून कांजूरमार्ग स्टेशनला आलं आणि तिथून एकच स्टेशन पुढे भांडुपला गेलं, तर तिथल्या पदवीधर मुलांना आपल्याकडे कुणी येतं का हे विचारून बघा.

नोकरी देणाऱ्यांची बाजू मला समजत नाही असं नाही. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. सगळे ‘हार्डवर्किंग’, सगळे ‘टीम प्लेअर’, सगळ्यांना एमएस ऑफिस येतं. वाचणार कोण? पोर्टलवर कॉलेजच्या नावाची चाळणी लावता येते. एक टिचकी मारली की शेकड्यांचे तीस होतात. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं 1973 मध्ये हेच मांडलं होतं. माणूस कामाचा आहे की नाही हे मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो एखादी खूण शोधतो. आणि त्या खुणेला किंमत तेव्हाच असते, जेव्हा ती मिळवणं लायक माणसाला सोपं आणि नालायकाला अवघड असतं. पुढे 2001 मध्ये त्याला नोबेलही मिळालं. मालक मंडळी या सिद्धांताचा पूर्वार्ध घेतात आणि उत्तरार्ध सोडून देतात.

कारण आपल्या उपनगरात नावाजलेल्या कॉलेजात शिरणं कुणाला सोपं असतं ते बघा. पदवीचा प्रवेश खरं तर बहुतेकांचा अकरावीतच होऊन जातो. त्याच संस्थेच्या ज्युनियर कॉलेजातून बारावी झालेल्यांना पदवीला आधी घेतात, त्याला इनहाउस म्हणतात. म्हणजे पंधराव्या वर्षी दहावीला किती टक्के पडले यावर विसाव्या वर्षी मुलाखतीला बोलावणं येणार की नाही हे ठरतं. बरं, फक्त टक्के असते तरी एक वेळ ठीक होतं. आर. जे. हे हिंदी भाषिक अल्पसंख्याक कॉलेज, मिठीबाई गुजराती भाषिक अल्पसंख्याक. अशा कॉलेजांत साधारण निम्म्या जागा त्या त्या समाजातल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. तो त्यांचा घटनेनं दिलेला हक्क आहे आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. वर मॅनेजमेंट कोटा आहे. बी. एम. एस.सारखे विनाअनुदानित अभ्यासक्रम आहेत, त्यांची फी साध्या बी. कॉम.च्या कितीतरी पट. तर आता मला सांगा, ‘अमक्या कॉलेजची आहे’ यावरून मालकाला नक्की काय कळलं? मार्क कळले? घरची भाषा कळली? बापाची ऐपत कळली? की फक्त घर पार्ल्यात आहे की नालासोपाऱ्यात, एवढंच?

नालासोपाऱ्याची एक मुलगी आमच्याकडे होती. हिशेबात पक्की. टॅलीवर तिचा हात असा चालायचा की मी नुसता बघत राहायचो. अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘मार्क बरे आहेत, मग चांगल्या कॉलेजात का नाही गेलात?’ ती म्हणाली, ‘सर, आमचं कॉलेज सकाळी सातचं होतं. अकराला सुटून मी साडेअकराला दुकानात कामाला जायचे.’ साहेब ‘ओके’ म्हणाले. पुढे काही कळवलं नाही. तीन वर्षं कॉलेज आणि नोकरी दोन्ही निभावलेली मुलगी समोर बसली होती आणि साहेबांच्या कागदावर फक्त कॉलेजचं नाव उतरलं.

नावावरून माणूस गाळणं ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. यूजीसीचे अध्यक्ष राहिलेले सुखदेव थोरात, जे स्वतः औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, त्यांनी पॉल अॅटवेल यांच्याबरोबर एक प्रयोग केला होता. तो 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. वर्तमानपत्रांतल्या पाचशेहून अधिक जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. एक नाव उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली, तीही खासगी कंपन्यांकडून, जिथे ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. कॉलेजचं नाव ही आडनावाची सभ्य आवृत्ती आहे, असं मी म्हटलं तर काहींना राग येईल. येऊ द्या. आडनावावरून गाळलं हे कुणी तोंडानं कबूल करत नाही. कॉलेजवरून गाळलं हे एचआरवाले अभिमानानं सांगतात, एवढाच फरक मला दिसतो.

याला पर्याय नाही असं जेव्हा मला कुणी ऐकवतं, तेव्हा मी त्यांना कांदिवलीला जाऊन या म्हणतो. कांदिवली पूर्वेला, ठाकूर पॉलिटेक्निकच्या मागे आयबीपीएसचं कार्यालय आहे. 2011 पासून बहुतेक सरकारी बँकांच्या भरतीची सामाईक परीक्षा इथून होते. कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असली की बसा. एन. एम.चा मुलगा आणि गडचिरोलीच्या कॉलेजची मुलगी, दोघांना प्रश्न सारखे आणि घड्याळही सारखंच. क्लार्कच्या भरतीत मुलाखतच नाही. ऑफिसरला आहे, पण तिचं वजन शंभरात वीस. हे काही आदर्श जग नाही. क्लासवाल्यांची दुकानं त्याच्यावर चालतात आणि त्या परीक्षेतून चांगला बँकर निघतोच असंही नाही. पण कॉलेजच्या नावानं कुणी दारातून परत जात नाही. टीसीएसनंही 2018 मध्ये देशभरच्या मुलांना खुली असणारी चाचणी सुरू केली. त्याआधी ते ठरावीक कॉलेजांतच जायचे. तिकडे ब्रिटनमध्ये डेलॉइटनं 2015 मध्ये जाहीर केलं की मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराची शाळा आणि विद्यापीठ दाखवायचंच नाही.

आणि तसं बघायला गेलं तर आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या सी. ए. मंडळींच्या ऑफिसांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. आर्टिकलशिपला, म्हणजे सी. ए. होण्याआधीच्या उमेदवारीला, मुलगा आला की त्याला कॉलेज कुणी विचारत नाही. ‘परीक्षेचे दोन्ही ग्रुप क्लिअर?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘कितव्या अटेम्प्टला?’ हा दुसरा.

अलीकडे मात्र एक गुंता वाढला आहे. बरीच नावाजलेली कॉलेजं स्वायत्त झाली. पेपर त्यांचा, तपासणी त्यांची, गुणपत्रिकाही त्यांचीच. विद्यापीठाचा एकच पेपर होता तोवर आमच्यासारख्यांना निदान एवढं म्हणता यायचं की साहेब, परीक्षा तीच आहे, गुण तेच आहेत. आता ते म्हणायची सोय राहिली नाही. मालकांचंही गंमतशीर आहे. त्याच स्वायत्त कॉलेजांबद्दल ‘हल्ली मार्क सैल देतात’ अशी कुरकुर करतात आणि कॅम्पसला मात्र तिथेच जातात. विद्यापीठाच्या कारभारावर विसंबावं म्हटलं तर तिथेही 2025 मध्ये पदवी प्रमाणपत्रांच्या बोधचिन्हात ‘मुंबई’चंच इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं निघालं.

मोठ्या कंपन्या बदलतील तेव्हा बदलतील. माझा रोख छोट्यांवर आहे. मरोळला, साकीनाक्याला, मुलुंडच्या एलबीएस रोडवर वीस-पंचवीस माणसांच्या शेकडो फर्म आहेत. त्यांना एचआर खातंच नसतं, मालक स्वतःच माणूस निवडतो. अशाच एका फर्मच्या मालकांना मी गेल्या वर्षी गळ घातली. म्हटलं, कॉलेज विचारू नका, काम द्या. त्यांनी खरेदीच्या पावत्यांचं एक बंडल आणि जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या पावत्यांच्या विवरणाची, प्रिंट मुलांपुढे ठेवली. ताळमेळ लावा म्हणाले, अर्धा तास देतो. बंडलात एक पावती दोनदा घातली होती आणि एका पुरवठादाराचा जीएसटी नंबर एका अक्षरानं चुकवला होता. सातआठ मुलं बसली होती, आमची आणि दोन नावाजलेल्या कॉलेजांतली. दुहेरी पावती बहुतेकांनी पकडली. चुकीचा नंबर तिघांनीच पकडला. त्यातल्या दोघांना तिथल्या तिथे घेतलं, एक पार्ल्याच्या मोठ्या कॉलेजचा मुलगा आणि एक आमची मुलगी. तिसऱ्याला दिवाळीनंतर जागा निघाली की बोलावतो म्हणाले. दिवाळी होऊन गेली, त्याला फोन आलेला नाही. या आठवड्यात मीच मालकांना फोन करणार आहे.