गळा आणि तालीम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहात संगीताचा वर्ग काढावा की न काढावा, हा प्रश्न गेली दोन वर्षे कार्यकारी मंडळापुढे पडून आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, आपली पुष्कळ मुले लग्नाच्या बँडमध्ये वाजवितात, भजनी मंडळात म्हणतात, अलीकडे अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करून चार पैसेही मिळवितात. त्यांस शास्त्रोक्त शिक्षण मिळाले तर सोन्यास सुगंध येईल. दुसरा पक्ष म्हणतो, सारेगम घोटल्याने गावरान गळा मरतो. कोकिळेस कोणी शिकवणी ठेवीत नाही. या विषयावर बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी आम्हांस केली, ती बहुधा आम्ही मास्तर होतो म्हणून. आमचे स्वतःचे गाणे शाळेच्या प्रार्थनेपलीकडे कधी गेले नाही. तेव्हा केवळ ऐकणाऱ्याच्या अधिकाराने बोलतो.

प्रथम कोकिळेचा विचार करू. न शिकता गाणाऱ्यांचा दाखला म्हणून आपल्याकडे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव घेतले जाते. त्यांस अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट खरी. घरोटे ओढताना आणि शेतात राबताना त्यांनी रचलेली गाणी चिरंजीव सोपानदेवांमुळे टिकली, आणि बाई निवर्तल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून वसंत पवारांच्या चालींवर ती महाराष्ट्रभर गेली. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या माउलीचे नाव २०१८ पासून आपल्या विद्यापीठास आहे. पण बाई काही शिकल्याच नाहीत असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. आईच्या, सासूच्या, शेजारणीच्या तोंडून हजार वेळा कानी पडलेली ओवी, हाताशी फिरणारी जात्याची लय, ही तालीमच होती. तिला हजेरीपट नव्हता, इतकेच.

आता थाळनेरचे उदाहरण घ्या. लता मंगेशकरांच्या मातोश्री शिरपूर तालुक्यातील थाळनेरच्या लाड घराण्यातील. आजोळी आजीपाशी लताबाई पावागडचे गरबे शिकल्या. घरी वडील, मास्टर दीनानाथ. ते शिष्यास पूरिया धनाश्री घोटावयास सांगून बाहेर गेले असता, खेळणाऱ्या लहानग्या लताने आत येऊन त्या शिष्याची चूक दुरुस्त केली. वडिलांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून तिला तंबोऱ्यापुढे बसविले, ही हकिकत बाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आम्हांस त्यातले मर्म असे दिसते की, कान आधी तयार होता आणि तंबोरा मागून आला. १९४२ साली वडील गेले. मुंबईस आल्यावर भेंडीबाजार घराण्याच्या अमानअली खाँसाहेबांपाशी त्या पुन्हा शिकावयास बसल्या. चित्रपटातील साडेतीन मिनिटांच्या गाण्यास एवढी तालीम कशासाठी, असे कोणी विचारील. ऐकणाऱ्यास ती तालीम दिसतही नाही. स्वर जेथे ठेवावयाचा तेथेच ठेवला जातो, एवढेच त्यास कळते.

त्याच १९२९ साली, भुसावळहून बऱ्हाणपूर ओलांडले की लागणाऱ्या खांडव्यास किशोरकुमार जन्मले. ते रीतसर गाणे कोणापाशी शिकले नाहीत. ‘नोकरी’ (१९५४) चित्रपटाच्या वेळी, शिक्षण नसलेल्या या गायकास गाणे देण्यास संगीतकार सलिल चौधरी आधी तयार नव्हते, असे सांगतात. पुढे गाणे किशोरकुमारांनीच म्हटले. परंतु ‘मेहबूबा’ (१९७६) मधील शिवरंजनी रागावरील गीत पुढ्यात आले तेव्हा त्यांनी काय केले? तेच गीत लताबाईंच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित करून घ्या म्हणून त्यांनी राहुलदेव बर्मनांस विनविले, आणि ते ऐकून ऐकून आत्मसात केल्यावरच स्वतः गायिले. बालपणी सैगलांच्या तबकड्या ऐकून हा मनुष्य असाच शिकला होता. ज्यास शिक्षण नव्हते तो शिकलेल्यापाशी कानांनी शिकला. त्यात त्यास कमीपणा वाटला नाही, हे आपल्या बँडवाल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

बालगंधर्वांविषयी जळगावकरांस आम्ही काय सांगावे! बालपणी ते येथे राहिले, येथेच मेहबूबखाँ यांच्यापाशी त्यांनी पहिले धडे घेतले, आणि पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांस मिळाली. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बुवांनीच दिलेल्या. त्या काळी नाटकाचे पद हेच लोकांचे गाणे होते. ती पदे ज्यांस रागाचे नावही ठाऊक नाही असे लोक रस्त्याने म्हणत जात.

आणखी एक जोडी सांगतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले त्या काळात जे गीत घरोघरी पोहोचले आणि २०२३ साली राज्यगीत ठरले, त्यास चाल दिली श्रीनिवास खळ्यांनी. ते बडोद्यास गाणे शिकलेले. ते गायिले शाहीर साबळ्यांनी, ज्यांचे बालपण आपल्या अमळनेरास साने गुरुजींच्या सहवासात गेले आणि ज्यांचा गळा पुढे शाहिरीच्या फडात तयार झाला. खळ्यांनी तो गळा गुळगुळीत करण्याचा यत्न केला असता तर ते गीत डफावर उभे राहिले नसते.

इतके सांगून आम्ही वर्गाच्या बाजूने मत देऊन खाली बसणार होतो. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

धुळे जिल्ह्यातील एका गावी नोकरीस असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरी वहीगायनाची परंपरा. आजोबा रात्र रात्र ढफावर वही म्हणत, आणि हा दहा वर्षांचा पोर त्यांच्यामागे अशा चढ्या पट्टीत सूर लावी की ओट्यावर बसलेली माणसे उठून उभी राहत. आम्हांस वाटले, याचे सोने व्हावे. आम्ही स्वतः खटपट करून त्यास तालुक्याच्या गावी संगीताच्या वर्गात घातले. पहिल्या वर्षाची फीही भरली. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली. त्यास पेटीवर काळी एकच्या पट्टीत बसविले, गळा मोकळा सोडू नको म्हणून बजावले. ते गळा फुटण्याचे वय होते, म्हणून सगळा दोष आम्ही वर्गास देत नाही. पण पट्टीबरोबर आणखीही काही उतरले. एके दिवशी आजोबा शाळेच्या दाराशी आले आणि म्हणाले, “गुर्जी, पोऱ्या आते मन्हासंगे म्हनत नही.” मुलास विचारले तर तो खाली मान घालून म्हणाला, “सर, त्यात राग नसतो.”

हे वाक्य त्यास कोणी शिकविले हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर कदाचित आमचेच नाव निघाले असते, कारण प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यास साऱ्या शाळेपुढे उभे करून आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या. वहीसाठी तसे कधी केले नव्हते. पुढे आजोबा वारले. त्यांच्या वह्या कोणीच लिहून ठेवल्या नव्हत्या. घरात एकाच माणसास स्वरलिपी येत होती, आणि त्या लिहिण्याजोग्या आहेत असे त्यास कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आमचे मत असे. वर्ग काढावा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी चिजा गोळा करून छापल्या, आणि त्यामुळेच संसारी घरातील मुलींस उजळ माथ्याने गाणे शिकता आले. आपल्या भगिनींनी हे विसरू नये. परीक्षेसही आमचा विरोध नाही. शाळेत नोकरी हवी असेल तर प्रमाणपत्र लागते, तेथे उपदेश चालत नाही. बँडमधील क्लॅरिनेटवाल्यास सरगम येत असेल तर नवे गाणे एका संध्याकाळी बसते आणि तेच दुसऱ्या पट्टीत वाजविण्याची पाळी आली तरी तो अडत नाही, हे आपण प्रत्येक लग्नसराईत पाहतो.

परंतु पहिले वर्षभर परीक्षेचे नाव काढू नये. मुलास ज्या पट्टीत सहज गाता येते त्या पट्टीत शिकवावे. आठवड्यातून एक दिवस वर्गाच्या गुरुजींनी बाजूस बसावे, आणि ज्यांस वही, कानबाईची गाणी, हळदीची गाणी येतात अशा वडीलधाऱ्यांनी व आयाबायांनी ती म्हणावीत. मुलांस स्वरलिपी आली की त्यांनी पहिली वही भरावी ती याच गाण्यांची.

वसतिगृहाची पूर्वेकडील खोली रात्री आठनंतर रिकामी असते. आमच्या घरी एक जुनी पेटी आहे. भात्यास एक ठिगळ लागेल, पण सूर शाबूत आहेत. ती आम्ही आणून देतो. ढफ मात्र आमच्यापाशी नाही. कोणाच्या माळ्यावर पडला असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे.