अंड्यातील विजेची दारे



कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरची बाई तिच्याखाली अंडी ठेवते आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहते. मधल्या दिवसांत आत काय चालते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शास्त्रज्ञांनी मात्र ती फार पूर्वीपासून केली. कारण कवचाला लहानशी खिडकी पाडली की वाढता जीव डोळ्यांदेखत दिसतो. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावरच अनेक वर्षे संशोधन केले.

दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके सुरू होतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्भ मान हलवू लागतो. नवल हे की, स्पर्शाला प्रतिसाद देण्याची शक्ती त्याला सातव्या दिवसाच्या आसपास येते. मग तोपर्यंत त्याला हलवितो कोण? 1966 साली व्हिक्टर हॅम्बर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाच्या पायाकडून मज्जारज्जूला मिळणारी संवेदनाच तोडून टाकली. पाय तरीही हलत राहिले! चेतना आतूनच येत होती.

ही चेतना म्हणजे वीज. मज्जापेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. ती क्षणार्धात उघडतात, मिटतात, आणि त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे विद्युद्भारित कण ये-जा करतात. अशा एकाच दारातून वाहणारा प्रवाह नेहर व साकमान यांनी 1976 साली मोजून दाखविला; 1991 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खरी गंमत पाहा. गाबा नावाचे एक द्रव्य प्रौढ मेंदूत पेशींना शांत करते. ते क्लोराइडचे दार उघडते, क्लोराइड आत शिरते, पेशी निवते. गर्भावस्थेत मात्र पेशीत क्लोराइड आधीच भरपूर साठलेले असते. तेच दार उघडले की ते बाहेर धावते, आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतते. भामरागडच्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पर्लकोटा एरवी इंद्रावतीकडे वाहते. पण इंद्रावती फुगली की तिचेच पाणी पर्लकोटेत मागे चढते. पात्र तेच, पाण्याची पातळी तेवढी निराळी.

याचा आपल्याशी संबंध आहे. नवजात बालकाला आकडी आली तर फेनोबार्बिटल देतात, आणि ते औषध गाबाच्याच साह्याने काम करते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्या 30 बालकांना प्रथम ते मिळाले, त्यांपैकी केवळ 13 जणांची आकडी पूर्ण आटोक्यात आली. कोवळ्या मेंदूतील क्लोराइडची पातळी हे त्याचे एक कारण असावे, असे पुष्कळांना वाटते. म्हणून ती पातळी उतरविण्यासाठी लघवीचे एक औषध जोडीला देऊन पाहिले. गुण आला नाही, उलट काही बालकांच्या श्रवणाला अपाय झाल्याचे दिसले, आणि चाचणी थांबवावी लागली. हा वृत्तांत 2015 साली प्रसिद्ध झाला. तर्क सुरेख होता, पण बालकाचा मेंदू म्हणजे कोंबडीचे अंडे नव्हे.

एक गोष्ट मात्र आयाबायांनी ध्यानात ठेवावी. तान्ह्या मुलाची आकडी मोठ्या माणसासारखी असेलच असे नाही. डोळे एकाच बाजूला खिळणे, चघळल्यासारखे तोंड हलणे, सायकल चालविल्यासारखे पाय हलणे, एवढेच कधीकधी दिसते. अशा वेळी उतारा करीत बसू नये. मूल उचलावे आणि दवाखाना गाठावा.