पाण्याची पाळी



कालवा म्हटला की देशावरचा नीरेचा कालवा डोळ्यांपुढे येतो. आमच्या पेण-रोह्याकडे मात्र पावसाळ्यात पाणी हटवायचे नि उन्हाळ्यात शोधायचे, असा उलटा व्यवहार. शाळा आमची लवकर सुटली. हा इतिहास आम्ही बांधावर आणि कारखान्याच्या फाटकाशी शिकलो.

पहिली व्यवस्था खारेपाटाची. मातीचा बांध भरती अडवितो. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी खाडीत जाते आणि भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते. बांधावर अंगमेहनत कुळाची, पीक मात्र खोताच्या खळ्यात! म्हणून १९३३ साली अलिबागेकडील चरी येथे नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, पाठोपाठ खोती गेली. कूळ मालक झाले. पण बांध राखायचा कोणी? एका रात्रीत खांड पडते, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात.

दुसरी व्यवस्था गोड्या पाण्याची. मुळशीचे शेतकरी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर लढले, तरी धरण झालेच. ते पाणी घाटाखाली उतरून १९२७ पासून भिऱ्याला वीज करते, मग कुंडलिकेला मिळते. डोलवहालच्या बंधाऱ्याशी ते अडवून रोहे-माणगावच्या शेतांसाठी कालवे काढले. आज त्यांत जागोजाग गाळ नि झुडपे दिसतात.

तिसरे हेटवणे. धरण पेणच्या भोगेश्वरीवर. पाणी नळाने नवी मुंबईला. वाशीचा खारेपाट हंडा घेऊन उभा. २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी याच धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांचे मत घेण्यात आले. जमीन नको घेऊ, कालवा द्या, हेच तेथील शेतकऱ्याचे म्हणणे होते.

आता आमची चूक सांगतो. धाटावच्या कारखान्यांना कुंडलिकेचेच पाणी लागते. तेथील कामगाराला बोनसचा हिशेब विचारायला आम्ही शिकविले. पाण्याचा हिशेब विचारायला शिकविले नाही. रात्रपाळी करून तो घरी येई, तेव्हा कालव्याच्या शेवटाला असलेले त्याचे शेत कोरडेच असे. कामाची पाळी आम्ही भांडून मिळवली, पाण्याची पाळी सोडून दिली.

तेव्हा विनंती एवढीच : एकदा कालव्याच्या काठाने शेवटपर्यंत चालत जा. पाणी कोठे थांबते ते पाहा, आणि का थांबते ते चारचौघांत विचारा.