खाते उसने, कर्ज आपले



आसनगाव हे शहापूर तालुक्याचे प्रवेशद्वार. पहाटेच्या लोकलने ठाणे-मुंबईस जाणारा नोकरदार, महामार्गावरील दुकानदार आणि माहुलीच्या पायथ्याचा शेतकरी येथे एकमेकांस नावाने ओळखतात. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यासाठी जमिनी देणाऱ्यांच्या खात्यांत मोबदल्याच्या रकमा जमा झाल्या. ओळख दाट आणि खात्यात शिल्लक असली, की "चार दिवस तुझे खाते वापरू दे", "फक्त एक सही कर" अशी विनंती येतेच. ती नाकारण्यास जीभ रेटत नाही, आणि त्या संकोचाची किंमत पुढे सारे कुटुंब मोजते.

येथे एकच गोष्ट ध्यानी घ्यावयाची आहे. बँकेला मैत्री दिसत नाही, सही दिसते.

मित्राचा धनादेश आपल्या खात्यात जमा झाला, रक्कम काढून त्याच्या हाती दिली, आणि नंतर तो धनादेश न वटता परत आला, तर बँक ती रक्कम खातेदाराच्याच नावे टाकते. खात्यात शिल्लक नसेल तर ते खातेदाराचे देणे होते. आपल्या नावावर कर्ज काढून मित्राला दिले, तरी बँकेचा ऋणको कागदावर सही करणाराच. "हप्ते मी भरीन" हा मित्राचा शब्द त्या दोघांपुरता राहतो. बँक त्याने बांधली जात नाही.

जामीनदाराची स्थिती याहून फारशी निराळी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे म्हणण्याची सोयही नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केले. सहकारी बँका व पतसंस्थांना तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. एका सहीचा बोजा असा सातबाऱ्यापर्यंत पोहोचतो.

खात्यातून दुसऱ्याचा पैसा फिरू दिला, तर प्रश्न कर्जापुरता उरत नाही. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीत अनेकांनी परिचितांच्या जुन्या नोटा आपल्या खात्यांत भरल्या. त्याच महिन्यापासून सुधारित बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा लागू झाला होता. त्यात खऱ्या मालकाबरोबरच नाव देणाऱ्यासही एक ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावचे प्रकरण गाजले. आमिष दाखवून तरुणांची कागदपत्रे घेतली गेली आणि त्यांच्या नावे उघडलेल्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाल्याचे अंमलबजावणी संचालनालयाने सांगितले. ज्यांच्या घरी तेवढा पैसा कधी पाहिलाही नव्हता, त्यांच्या नावावर ही उलाढाल नोंदली गेली.

सही होऊन गेली असेल, तर हातपाय गाळू नयेत. जामीनदाराने कर्ज फेडल्यास कलम १४० व १४५ अन्वये ती रक्कम मूळ ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. कलम १४१ प्रमाणे कर्जासाठी दिलेल्या तारणाचा लाभही मिळतो. जामीनदाराच्या संमतीवाचून बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून कलम १३३ त्याला मुक्त करते. मात्र हा हक्क सोडून दिल्याची ओळ जामीनपत्रात छापलेली असू शकते, म्हणून पत्र वाचल्याविना सही करू नये. बँकेची नोटीस आली तर ती घरात दडवून न ठेवता लेखी उत्तर द्यावे. मित्राकडून पैसे येणे असल्याचा लेखी पुरावा जपावा. खात्यात अनोळखी रक्कम आली तर ती पुढे न पाठवता बँकेस कळवावे. फसवणुकीचा संशय येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सही केलेला कोरा धनादेश, एटीएम कार्ड आणि ओटीपी कोणाच्याही स्वाधीन करू नये.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख करणे, गणली आहे. कर्ज दुसऱ्यासाठी आणि कागदावर गरज स्वतःची, हा लेख त्याहून किती दूर राहिला, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मित्र अडचणीत असेल तर मदत अवश्य करावी. ती आपल्या शिलकीतून, झेपेल तेवढी आणि उघडपणे, घरच्यांना सांगून करावी. बुडाली तरी घर बुडणार नाही, एवढीच ती असावी. वाडवडिलांनी मिळविलेली पत एका संकोचापायी गहाण टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. योग्य वेळी दिलेला नम्र नकार पुष्कळदा मैत्रीही राखतो आणि घरही.