जुनी कॅटामरान पारखताना

नाशिकच्या द्वारका चौकातून समुद्र दिसत नाही, पण तिथून मुंबईकडे जाणारा महामार्ग शेवटी समुद्रालाच भिडतो. त्या समुद्रावर शिडाची बोट घेऊन लांबच्या सफरीला निघायचं कुणाच्या मनात असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी. विषय आहे, वापरलेली कॅटामरान कशी निवडावी.

कॅटामरान आपल्याला अगदीच परकी नाही. गेटवेहून मांडव्याला जाताना तुमच्यापैकी काही जण तिच्यात बसले असतील. नव्वदच्या दशकात दमानियांची कॅटामरान मुंबईहून गोव्यालाही जायची. त्या इंजिनावरच्या. शिडाच्या कॅटामरानमागचं तत्त्व कोकणातल्या मच्छीमाराला ठाऊक आहे: होडीचा तोल राहावा म्हणून तो बाजूला उलांडी बांधतो. इथे उलांडीच्या जागी दुसरी अख्खी होडी असते आणि दोघींच्या मधोमध राहायची जागा.

जुनी बोट म्हणजे कच्ची बोट, असं मुळीच नाही. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्सनी 1985 ते 1987 या काळात ‘तृष्णा’ नावाच्या 37 फुटी बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट वापरलेलीच होती. पण ती एकाच अंगाची, तळाला जड वजन असलेली. अशी बोट वारा वाढला की कलते. कललेल्या शिडातून वारा निसटतो, आणि खलाशालाही कळतं की शीड कमी करायची वेळ झाली.

कॅटामरान जवळपास कलतच नाही. चहाचा कप टेबलावर तसाच राहतो, म्हणून ती कुटुंबांना आवडते. पण वाऱ्याचा जोर कुठेतरी जायलाच हवा. तो जातो डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांत आणि दोन्ही अंगांना जोडणाऱ्या आतल्या आडव्या भिंतींत. या भिंतींना बल्कहेड म्हणतात. तेव्हा रंग आणि गाद्या नंतर बघा, आधी सांधे बघा.

गाद्या उचला, कपाटं रिकामी करा, बॅटरी लावून बल्कहेड जिथे बोटीच्या अंगाला चिकटवलेलं असतं ती कड बोटाने चाचपा. रेषेसारखी भेग, सुटलेला फायबरग्लास किंवा मुद्दाम नव्याने रंगवलेला एवढासा पट्टा दिसला, तर कारण विचारा. डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर आतलं बाल्सा लाकूड पाण्याने कुजलेलं असू शकतं. तारा दहा-बारा वर्षांच्या असतील, तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

दुसरी गोष्ट वजनाची. कॅटामरानची अंगं बारीक, त्यामुळे सामान वाढलं की ती पटकन खाली बसते. मग मधल्या पुलाला खालून लाटा धडका देतात आणि पुन्हा ताण सांध्यांवरच. आधीच्या मालकाने जनरेटर, वॉशिंग मशीन, जादा टाक्या बसवल्या असतील, तर पाण्याची रेषा कुठे आली आहे ते बघा.

बाजारात येणाऱ्या कितीतरी बोटी कॅरिबियन किंवा भूमध्य समुद्रात भाड्याने चालवलेल्या असतात. त्यांच्या इंजिनांचे तास जास्त भरतात, पण देखभालीची नोंदही बहुधा मिळते. कॅरिबियनमधली बोट असेल, तर 2017 च्या इर्मा वादळात ती कुठे होती, हे जरूर विचारा. त्या वादळात शेकडो बोटी एकमेकींवर आपटल्या, आणि त्यातल्या कित्येक नंतर दुरुस्त होऊन विकल्या गेल्या.

आणखी एक. उलटलेली कॅटामरान आपोआप सरळ होत नाही. ती तरंगत राहते, पण उलटीच. म्हणून अंगाच्या बाजूला असलेली सुटकेची खिडकी नीट उघडते-मिटते का, गळते का, हे स्वतः तपासा.

शेवटी, बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासून घ्या आणि चांगल्या वाऱ्यात शीड उभारून चालवून बघा. सर्व्हेअर तुम्ही निवडलेला हवा, दलालाने सुचवलेला नको. त्याची फी देऊन सौदा मोडावा लागला, तरी ते पैसे वाया गेले असं समजू नका.