दाबलेल्या हवेचें बळ



सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला तापलेलें लागतें, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. ही ऊब कोठून आली? ती आपल्याच दंडांतून आली. हवा दाबण्यासाठीं केलेले श्रम उष्णतेच्या रूपानें प्रकट होतात, आणि दाबलेली हवा मात्र वाट मिळतांच काम करावयास सिद्ध असते. कारखान्यांत ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात, त्या यंत्राचें सारें मर्म या साध्या पंपांत आहे.

या यंत्राचे तीन प्रकार विशेष प्रचारांत आहेत. पहिला दट्ट्याचा. सिलिंडरांतील दट्ट्या मागें आला कीं झडपेंतून हवा आंत शिरते. तो पुढें गेला कीं ती दाबली जाऊन टांकींत कोंडली जाते. पंक्चरच्या दुकानांत आपण पाहतों तें बहुधा हेंच यंत्र. दाब पुष्कळ वाढवावयाचा असल्यास हवा एका सिलिंडरांत कांहींशी दाबून, मध्यें थंड करून, दुसऱ्यांत पुन्हां दाबतात. थंड हवा दाबण्यास श्रम कमी पडतात. काम थांबून थांबून चालणारें असेल, तेथें हें यंत्र सोयीचें.

दुसरा प्रकार मळसूत्राचा. स्वीडनमध्यें आल्फ लिशोल्म या इंजिनिअरानें १९३० नंतरच्या दशकांत त्याचा विकास केला. एकमेकांत गुंतलेलीं दोन मळसूत्रें फिरूं लागलीं म्हणजे त्यांच्या खांचांत सांपडलेली हवा पुढें सरकत आकसत जाते. अहोरात्र हवा लागणाऱ्या कारखान्यांस हा प्रकार मानवतो. तिसऱ्या प्रकारांत वेगानें फिरणारें पात्यांचें चक्र हवेला बाहेर भिरकावितें, आणि तिचा वेग मंदावतांना दाब वाढतो. पोलादाच्या कारखान्यांसारख्या, हवेचे लोटच्या लोट लागणाऱ्या ठिकाणीं त्याची योजना करतात.

वीज हाताशीं असतां हवेचा हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. ज्या खाणींत ज्वालाग्राही वायु सांचतो, तेथें विजेची एक ठिणगीही घातक ठरते. हवेवर चालणाऱ्या हत्याराला ठिणगीची गरजच नसते. याहून बोलकें उदाहरण आल्प्स पर्वतांतील माँ-सनी बोगद्याचें. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या या बोगद्याचें काम १८५७ सालीं सुरू झालें. डोंगर इतका उंच, कीं वायुवीजनासाठीं वरून विहिरी पाडणें शक्य नव्हतें; आणि वाफेचें इंजिन आंत नेलें तर धुरानें मजूर गुदमरणार! जर्मेन सोमेये या इंजिनिअरानें डोंगरांतील पाण्याच्या जोरावर बाहेरच हवा दाबली आणि नळांतून आंत धाडली. १८६१ पासून त्या हवेवर कातळ पोंखरणारीं यंत्रें चालूं लागलीं. आणि काम करून सुटलेली तीच हवा मजुरांना श्वासासाठीं मिळूं लागली. १८७१ च्या सप्टेंबरांत बोगदा खुला झाला. तो सोहळा पाहण्यास सोमेये मात्र उरला नव्हता. त्याच वर्षीं जुलैंत तो वारला.

श्वास पुरविणारी हीच हवा हयगय झाल्यास प्राणही घेते. हवेंतील दमटपणा टांकींत पाणी होऊन सांचतो. तें वेळच्या वेळीं काढून न टाकल्यास पत्रा आंतून गंजतो आणि एके दिवशीं टांकी फुटते. जादा दाब सोडून देणारी संरक्षक झडप कधींही अडवून ठेवूं नये. आणि हवेचा झोत अंगावर, थट्टेनेंसुद्धां, कदापि धरूं नये. अशा थट्टेंत आंतडीं फाटून कामगार दगावले आहेत. ज्या घरचीं मुलें कारखान्यांत उमेदवारी करतात, त्या घरांत एवढें तरी आवर्जून सांगितलें जावें.

पुढच्या खेपेस गाडीच्या चाकांत हवा भरावयास गेलां, म्हणजे दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारा: ‘टांकीखालची तोटी उघडून पाणी केव्हां काढलें होतें?’ उत्तर देतांना तो घुटमळला, तर आपली विचारणा अगदीं वेळेवर झाली असें समजावें.